आवाज येतोय पण चित्र काळं! ग्राफिक्स ड्रायव्हर आणि टीव्ही ट्यूनरचं जमत नसेल तर काय काय बघायचं

माझ्याकडे असं झालं की रात्री कॉम्प्युटरनं स्वतःच अपडेट घेतलं, स्वतःच रीस्टार्ट झालं आणि दुसऱ्या दिवशी टीव्हीचं सॉफ्टवेअर उघडलं तर आवाज खणखणीत, चॅनल बदलतायत, खाली कार्यक्रमाच्या नावाची पट्टी पण येतेय, फक्त चित्राच्या जागी काळा चौकोन. मग मी तेच केलं जे सगळे करतात. ट्यूनरचं, म्हणजे कॉम्प्युटरवर टीव्ही बघायच्या कार्डाचं, सॉफ्टवेअर काढलं, परत टाकलं, असं तीनदा. अँटेनाची पिन काढून पुसून परत लावली, चॅनल पहिल्यापासून स्कॅन केले, त्यात आधीची नीट लावलेली यादी उडाली ती वेगळीच. दोन संध्याकाळी अशा गेल्या आणि शेवटी काम झालं कशानं, तर सेटिंगमधला एक पर्याय बदलून, दहा सेकंदात. ट्यूनर बिचारा पहिल्यापासून ठणठणीत होता.

ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोज ज्याच्या मार्फत ग्राफिक्स कार्ड चालवतं ते सॉफ्टवेअर, बदलला आणि टीव्ही बिघडला की माणूस एकतर ट्यूनरच्या मागे लागतो नाहीतर ग्राफिक्सचा अजून नवीन ड्रायव्हर शोधत बसतो. दोन्हीत बहुतेक वेळा हाताला काही लागत नाही, कारण घोळ या दोघांच्या मधे असतो, जिथं चित्र एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातं तिथं. आधी ती जागा तपासायची, ड्रायव्हरला हात नंतर लावायचा.

चित्र स्क्रीनपर्यंत येतं कसं

हे दोन मिनिटं समजून घ्या, पुढचं सगळं यावरच आहे. ट्यूनर कार्ड फक्त सिग्नल पकडतं. ॲनालॉग कार्ड असेल, म्हणजे ती जुनी बीटी८७८ किंवा एसएए७१३४ चिपवाली, मदरबोर्डवरच्या पीसीआय खाचेत बसणारी कार्डं, तर ते सिग्नलची कच्ची फ्रेम बनवून पुढे देतं. डिजिटल ट्यूनर मात्र चित्र वगैरे काही बनवत नाही, हवेतून किंवा केबलमधून जो कॉम्प्रेस केलेला डेटा येतो, एमपीईजी-२ किंवा एच.२६४ किंवा आताशा एचईव्हीसी, तो जसाच्या तसा सॉफ्टवेअरकडे ढकलतो. त्याचं चित्र करणं हे डीकोडरचं काम. डीकोडर ते काम प्रोसेसरवर करतो किंवा ग्राफिक्स कार्डाकडून करून घेतो, या दुसऱ्या प्रकाराला विंडोजमध्ये डीएक्सव्हीए म्हणतात. मग तयार फ्रेम रेंडररकडे जाते आणि रेंडरर ती ग्राफिक्स ड्रायव्हरच्या मार्फत स्क्रीनवर काढतो.

म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरचा संबंध शेवटच्या दोनच टप्प्यांशी, डीकोडर आणि रेंडरर. चॅनलच सापडत नाहीयेत, स्कॅन शून्यावर संपतोय, सिग्नलची पट्टी हलत नाहीये, तर तिथं ग्राफिक्स ड्रायव्हरला शिव्या देऊन उपयोग नाही. आणि ॲनालॉग ट्यूनर असेल तर आधी हवेत ॲनालॉग सिग्नल उरलाय का ते पण बघा, बऱ्याच देशांत ते प्रक्षेपण कधीच बंद झालंय, अमेरिकेत मोठ्या स्टेशनांचं १२ जून २००९ ला झालं. तशी कार्डं आता लोक बहुतेक जुन्या व्हीएचएस कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला वापरतात, त्यासाठी ती अजून मस्त आहेत.

पहिली चाचणी, रेकॉर्ड करून बघा

काहीही काढायच्या किंवा टाकायच्या आधी त्या काळ्या चौकोनातच रेकॉर्डचं बटण दाबा. एक मिनिट रेकॉर्ड करा, फाइल पेन ड्राइव्हवर घ्या आणि दुसऱ्या कुठल्याही मशीनवर चालवून बघा. तिथं चित्र दिसलं तर ट्यूनर, त्याचा ड्रायव्हर, वायर, अँटेना सगळं ठीक, विषय संपला, आता फक्त डीकोडर आणि रेंडररकडे बघायचं. डिजिटल ट्यूनरमध्ये तर रेकॉर्डिंग म्हणजे आलेला डेटा नुसता डिस्कवर लिहिणं, त्यात ग्राफिक्स कार्डाचा हात कुठंच लागत नाही, म्हणून ही चाचणी एवढी पक्की आहे. फाइल शून्य केबीची झाली किंवा दुसरीकडेही काळीच दिसली तर ट्यूनरच्या बाजूला जा, ते खाली लिहिलंय.

एक खोच आहे इथं. "आवाज येतोय म्हणजे ट्यूनर चालू आहे" हे जुन्या पीसीआय कार्डांना लागू नाही. त्यातल्या बऱ्याच कार्डांचा आवाज एका छोट्या वायरनं थेट साउंड कार्डाच्या लाइन-इनला जातो, व्हिडिओचा आणि त्याचा रस्ताच वेगळा. त्यामुळे व्हिडिओ पकडणारा भाग पूर्ण झोपलेला असला तरी आवाज छान येत राहतो आणि माणूस फसतो. यूएसबी आणि डिजिटलवाल्यांना ही भानगड नाही.

रेंडरर बदला, सगळ्यात आधी हेच

ट्यूनरच्या सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग, मग व्हिडिओ किंवा डिस्प्ले असं काहीतरी असतं, तिथं रेंडरर नावाचा ड्रॉपडाऊन शोधा. त्यात साधारण हे पर्याय दिसतात, ओव्हरले, व्हीएमआर ७, व्हीएमआर ९, ईव्हीआर. आता ही नावं बघून लोक घाबरतात आणि डिफॉल्ट ठेवतात, आणि सॉफ्टवेअर जुनं असेल तर डिफॉल्ट हमखास ओव्हरले असतो.

ओव्हरले म्हणजे काय ते जरा बघू कारण निम्मे काळे चौकोन यानेच येतात. एक्सपीच्या काळात प्रोसेसर कमी ताकदीचे होते, म्हणून ग्राफिक्स कार्ड एक युक्ती करायचं. खिडकीच्या जागी एक ठरलेला रंग भरून ठेवायचा आणि मॉनिटरला सिग्नल पाठवताना जिथं जिथं तो रंग दिसेल तिथं वरून व्हिडिओ चिकटवायचा. म्हणजे डेस्कटॉपच्या मेमरीत व्हिडिओ कधी नसायचाच, तिथं फक्त तो रंग. म्हणूनच त्या वेळी टीव्हीचा स्क्रीनशॉट काढून पेंटमध्ये टाकला की काळा नाहीतर जांभळट चौकोन यायचा, आणि गंमत म्हणजे पेंटची खिडकी टीव्हीच्या खिडकीच्या बरोबर वर सरकवली की त्या चौकोनात चालू टीव्ही दिसायला लागायचा! ज्यानं हे बघितलंय त्याला ओव्हरले आयुष्यभर समजला.

मग २००७ मध्ये व्हिस्टा आलं आणि ग्राफिक्स ड्रायव्हरची पद्धतच बदलली, तिला डब्ल्यूडीडीएम म्हणतात. आता सगळ्या खिडक्या ग्राफिक्स कार्डावर एकत्र रंगवून मग स्क्रीनवर जातात, आणि वरून चिकटवलेला जुना ओव्हरले त्यात बसत नाही. व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये टीव्ही चालू केला की काचेसारख्या खिडक्या जाऊन रंगसंगती बेसिक झाली असा निरोप यायचा, तो याचमुळे, ओव्हरले मागितला की विंडोज ते रंगवणंच तात्पुरतं बंद करायचं. विंडोज ८ पासून ते बंद करायची सोयच काढून टाकली. त्यामुळे ओव्हरलेवर अडून बसलेलं सॉफ्टवेअर तिथं काळा चौकोन दाखवतं किंवा सरळ एरर देऊन बंद पडतं. म्हणजे खरं सांगायचं तर यात ड्रायव्हरची चूक कमी आणि पिढीचा फरक जास्त.

तर करायचं काय, व्हिस्टा किंवा त्यापुढचं विंडोज असेल तर ईव्हीआर लावा, तो व्हिस्टासोबतच आला आणि नवीन ड्रायव्हरना तोच सगळ्यात जास्त मानवतो. ईव्हीआर यादीत नसेल तर व्हीएमआर ९. एक्सपीवर असाल आणि कार्ड अशक्त असेल तर व्हीएमआर ७ किंवा ओव्हरलेच बरा, तिथं व्हीएमआर ९ लावला तर चित्र अडखळू शकतं. पर्याय बदलल्यावर सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून परत उघडा, नुसतं ओके दाबून बऱ्याच ठिकाणी काही होत नाही. माझं त्या दिवशी ओव्हरलेवरून व्हीएमआर ९ वर गेल्यावर झालं, ईव्हीआर त्या सॉफ्टवेअरच्या यादीतच नव्हता, इतकं ते जुनं.

सेटिंगमध्ये रेंडररचा पर्यायच नसेल तर व्हीएलसी या फुकट प्लेअरमध्ये बघा. मीडिया मेनूत ओपन कॅप्चर डिव्हाइस आहे, ॲनालॉग आणि यूएसबी कॅप्चरसाठी डायरेक्टशो निवडायचं, डिजिटलसाठी टीव्ही डिजिटल. तिथं चित्र दिसलं तर तुमच्या ट्यूनरसोबत आलेलं सॉफ्टवेअरच जुनं झालंय, ड्रायव्हर मागे नेऊन काय मिळवणार, सॉफ्टवेअर बदला. व्हीएलसीतही काळंच असेल तर टूल्स, प्रेफरन्सेस, व्हिडिओ, आउटपुट इथं जाऊन डायरेक्ट३डी११, डायरेक्ट३डी९, ओपनजीएल असं एकेक लावून बघा. एक चालतोय आणि दुसरा नाही असं दिसलं तर घोळ ग्राफिक्सकडेच आहे हे नक्की.

कॅसेटी उतरवायला व्हर्च्युअलडब हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी, व्हिडिओ मेनूत ओव्हरले आणि प्रीव्ह्यू असे दोन वेगळे पर्याय असतात. ओव्हरलेला काळं दिसत असेल तर प्रीव्ह्यू लावा, बास.

आणि हो, दोन मॉनिटर असतील तर टीव्हीची खिडकी दुसऱ्यावरून पहिल्यावर ओढून बघा. जुना ओव्हरले बहुतेक कार्डांवर एकाच मॉनिटरवर चालायचा. रिमोट डेस्कटॉपवरून बघत असाल तर चित्र न दिसणं साहजिक आहे, प्रत्यक्ष मशीनसमोर बसून तपासा.

रेंडरर बदलूनही हिरवं किंवा तुकडे तुकडे

चित्र येतंय पण हिरवी पट्टी, चौकोनी ठिगळं, किंवा दोन सेकंद चालून गोठतंय, तर डीकोडरकडे बघा. ड्रायव्हर बदलला की डीएक्सव्हीएचं वागणं बदलतं कारण तो भाग ड्रायव्हरमध्येच असतो. सॉफ्टवेअरमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन किंवा डीएक्सव्हीए असा टिक असेल तो काढा. एलएव्ही फिल्टर्स हे वेगळे डीकोडर वापरत असाल तर एलएव्ही व्हिडिओच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर डीकोडर नन करा. आता सगळा भार प्रोसेसरवर येईल, पण साध्या रिझोल्यूशनच्या एमपीईजी-२ साठी कुठलाही बरा प्रोसेसर पुरतो. एवढ्यानं ठिगळं गेली तर दोषी सापडला, ग्राफिक्स ड्रायव्हरचा डीकोडिंगवाला भाग, आणि खरं तर मग तो टिक कायमचा काढून ठेवला तरी काय बिघडलं? मी तर तसंच ठेवतो.

एचईव्हीसीचा वेगळा मामला आहे. जुन्या ग्राफिक्स कार्डात त्याची सोयच नाही, कितीही नवा ड्रायव्हर टाका, चिपमध्ये नाही ते ड्रायव्हरनं येत नाही. तिथं प्रोसेसरवर डीकोड करणं किंवा कार्ड बदलणं हेच.

अजून एक. मधे कधी एखादा कोडेक पॅक, म्हणजे बऱ्याच डीकोडरचा गठ्ठा, टाकलाय का आठवा. डायरेक्टशो म्हणजे विंडोजची व्हिडिओ चालवायची यंत्रणा, त्यात डीकोडरसारख्या प्रत्येक तुकड्याला, म्हणजे फिल्टरला, एक मेरिट असतं, ज्याचं जास्त त्याला आधी बोलावलं जातं, आणि हे पॅक स्वतःचे डीकोडर वरच्या नंबराला बसवतात. मग ट्यूनरच्या सॉफ्टवेअरला त्याचा ओळखीचा डीकोडर मिळत नाही आणि ते "ग्राफ बनवता आला नाही" अशा अर्थाची एरर देऊन गप्प बसतं. योगायोगानं त्याच आठवड्यात ड्रायव्हर अपडेट झालेला असतो आणि बोंब ड्रायव्हरच्या नावानं. पॅक काढा, मशीन रीस्टार्ट करा, मग बघा.

व्हर्जन नंबर वाचायचा कसा

वरचं सगळं करून झालं आणि संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवरच आला तर आधी आता कुठलं व्हर्जन आहे ते लिहून घ्या. विंडोजचं बटण आणि आर दाबा, डीएक्सडायग हा शब्द इंग्रजीत टाका, डिस्प्लेच्या टॅबवर ड्रायव्हरचं नाव, व्हर्जन, तारीख, डब्ल्यूडीडीएमचा आकडा सगळं एका ठिकाणी मिळतं. तिथंच डायरेक्टड्रॉ आणि डायरेक्ट३डी ॲक्सिलरेशन एनेबल्ड आहे ना ते बघा.

कार्डाच्या नावाच्या जागी मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर असं दिसलं तर इथंच थांबा. याचा अर्थ अपडेट अर्धवट झालंय आणि कार्डाचा खरा ड्रायव्हर चालूच नाहीये, विंडोज कामचलाऊ ड्रायव्हरवर गाडा ओढतंय. त्यावर व्हिडिओ ॲक्सिलरेशन नसतं, टीव्ही कसा चालणार. खरा ड्रायव्हर टाका, निम्म्या वेळा तेवढ्यावर भागतं. या बेसिक ड्रायव्हरची तारीख २१ जून २००६ दिसते त्याला दचकू नका, मायक्रोसॉफ्ट आपल्या पेटीतल्या ड्रायव्हरना मुद्दाम तीच जुनी तारीख देतं, म्हणजे कंपनीचा ड्रायव्हर नेहमी त्याच्यापेक्षा नवा ठरतो.

व्हर्जनचा तो लांबलचक नंबर आणि कंपनीच्या साइटवरचा नंबर जुळत नाही म्हणून बरेच जण गोंधळतात. एनव्हिडियाचं सोपं आहे, शेवटचे पाच अंक घ्या. ३१.०.१५.३६२३ मधले शेवटचे पाच म्हणजे ५३६२३, झालं ५३६.२३. तसंच २७.२१.१४.५६७१ म्हणजे ४५६.७१. एएमडीचं साइटवरचं व्हर्जन वर्ष आणि महिन्यावरून असतं, २१.५.२ म्हणजे २०२१ च्या मे महिन्यातला दुसरा, आणि त्याआधी कॅटॅलिस्ट नाव होतं तेव्हाही ९.११ म्हणजे २००९ चा नोव्हेंबर. इंटेलचे शेवटचे दोन गट बघायचे.

सगळ्यात पहिला आकडा पण कामाचा आहे, त्यावरून ड्रायव्हर कुठल्या पिढीच्या विंडोजसाठी बनलाय ते कळतं. ६ म्हणजे एक्सपी, ७ म्हणजे व्हिस्टा, ८ म्हणजे विंडोज ७, ९ म्हणजे विंडोज ८, २० आणि त्यापुढचे विंडोज १० चे, ३० पासून विंडोज ११ च्या पिढीचे, पण हे शेवटचे १० वर पण चालतात. विंडोज १० वर पहिला आकडा ८ किंवा ९ दिसला तर ड्रायव्हर कसाबसा चालतोय असं समजा.

मागे जायचं तर किती मागे

सोपा मार्ग आधी. डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले अडॅप्टर्स, तुमच्या कार्डावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर टॅब, रोल बॅक ड्रायव्हर. अपडेट विंडोजनं स्वतःहून केलं असेल तर हे बटण बहुतेक चालू असतं आणि पाच मिनिटांत काम होतं. बटण राखाडी असेल तर आधीचा ड्रायव्हर मशीनवर शिल्लकच नाही, मग जुना इन्स्टॉलर शोधून टाकावा लागेल.

जुना टाकताना नव्याच्या वरच टाकला तर कधी कधी दोघांच्या फायली मिसळतात आणि आधीचं बरं होतं म्हणायची वेळ येते. म्हणून डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचं छोटं फुकट टूल आहे, लोक त्याला डीडीयू म्हणतात, ते वापरा. क्रम असा ठेवा, आधी रीस्टोर पॉइंट बनवा, हवा तो जुना इन्स्टॉलर डाऊनलोड करून डेस्कटॉपवर ठेवा, मग नेट तोडा, वायफाय बंद किंवा केबल काढून, सेफ मोडमध्ये जा, डीडीयू चालवून क्लीन अँड रीस्टार्ट करा, आणि नेट बंद असतानाच जुना ड्रायव्हर टाका. नेट तोडायचं विसरू नका, नाहीतर तुम्ही साफ करून रीस्टार्ट होईपर्यंत विंडोज अपडेट हळूच परत तोच नवीन ड्रायव्हर आणून बसवतं आणि तुम्हाला वाटतं जुनाही चालत नाही.

किती मागे जायचं? जे व्हर्जन शेवटचं चालत होतं तिथपर्यंतच. ते आठवत नसेल तर कार्डाच्या पिढीचा शेवटचा अधिकृत ड्रायव्हर धरा. एनव्हिडियाच्या जीफोर्स ८, ९ आणि २०० मालिकेसाठी तो ३४२.०१ आहे, फर्मी म्हणजे ४०० आणि ५०० मालिकेसाठी ३९१.३५. एएमडीच्या रेडिऑन एचडी ५००० आणि ६००० ला अधिकृत शेवटचा कॅटॅलिस्ट १५.७.१, त्यानंतर क्रिमसन १६.२.१ बीटा. आणि खूप खूप मागे जाऊ नका, जुन्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेची भोकं असतात जी नंतर बुजवलेली आहेत, एक टीव्ही चालावा म्हणून बँकेचं काम करतो ते मशीन उघडं ठेवणं मला पटत नाही.

जुना टाकून टीव्ही चालला की लगेच विंडोजला आवरा. कंट्रोल पॅनेल, सिस्टिम, ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज, हार्डवेअर, डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज, तिथं नो. तरीही ड्रायव्हर बदलला तर मायक्रोसॉफ्टनंच शो ऑर हाइड अपडेट्स नावाचं टूल काढलं होतं, ते मिळालं तर त्यात तो ठरावीक ड्रायव्हर लपवून टाका.

ब्लू स्क्रीन येत असेल किंवा स्क्रीन क्षणभर काळी होऊन "डिस्प्ले ड्रायव्हरनं प्रतिसाद देणं थांबवलं होतं, आता ठीक आहे" असा निरोप येत असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ नंबर शोधा. ग्राफिक्स कार्ड दोन सेकंदांत उत्तर देत नसेल तर विंडोज ते रीसेट करतं, ही त्याची नोंद. ही दिसली तर ट्यूनरला क्लीन चिट. ब्लू स्क्रीनवर फाइलचं नाव येतं ते एनव्हीनं सुरू होत असेल तर एनव्हिडिया, एटीआय किंवा एएमडीनं सुरू होत असेल तर एएमडी, आयजीडीनं तर इंटेल. यातलं काहीच नसून भलतंच नाव असेल तर ते ट्यूनरच्या ड्रायव्हरचंही असू शकतं, नाव शोधून बघा.

ट्यूनरच्या बाजूला गेलात तर

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ट्यूनरवर पिवळं चिन्ह असेल तर डबल क्लिक करून कोड बघा. २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. १० म्हणजे टाकलाय पण डिव्हाइस सुरू होत नाही. ५२ म्हणजे विंडोजला ड्रायव्हरची डिजिटल सही पटत नाहीये. ६४ बिट विंडोजला ६४ बिटचाच आणि सही असलेला ड्रायव्हर लागतो, ३२ बिटवाला तिथं कुठल्याच मार्गानं चालत नाही, त्यामुळे सीडीवर फक्त एक्सपीचा ड्रायव्हर असेल तर ती सीडी ठेवून द्या.

विंडोज ११ वर मेमरी इंटिग्रिटी नावाची सोय जुने ड्रायव्हर अडवते, विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन इथं न जुळणाऱ्या ड्रायव्हरची यादीच मिळते. तुमचा ट्यूनर त्यात असेल तर ती सोय बंद करता येते, पण मी करणार नाही, त्यापेक्षा कॅसेटींच्या कामाला एक जुनं मशीन वेगळं ठेवीन ज्याला नेटच नाही.

काही जुन्या पीसीआय कार्डांना ४ जीबीपेक्षा जास्त रॅम झेपत नाही, त्यांचे ड्रायव्हर वरच्या मेमरीत नीट लिहू शकत नाहीत आणि चित्र हिरवं किंवा काळं येतं. लोकांनी रॅम वाढवलेली असते आणि दोष ग्राफिक्सला. तपासायला एमएसकॉन्फिगमध्ये बूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मॅक्झिमम मेमरी तात्पुरती ३०७२ करून रीस्टार्ट करा. चित्र आलं तर कळलं. ते परत काढायचं मात्र लक्षात ठेवा, नाहीतर महिनाभरानं मशीन का रखडतंय म्हणून डोकं खाजवत बसाल.

चित्र काळं-पांढरं येतंय किंवा वरखाली गुंडाळतंय? पाल आणि एनटीएससी या ॲनालॉग टीव्ही सिग्नलच्या दोन पद्धती, सॉफ्टवेअर परत टाकल्यावर पाल ऐवजी एनटीएससी झालेलं असतं. पाल ६२५ ओळींचं, एनटीएससी ५२५ चं, चुकीचं लावलं की रंग जातो. आणि निळी किंवा काळी स्क्रीन असेल तर इनपुट ट्यूनरवर आहे की कंपोझिटवर, म्हणजे व्हीसीआरच्या पिवळ्या वायरवर, ते बघा, यात मी पण फसलोय. यूएसबी कॅप्चरवाल्यांनी विंडोज १० आणि ११ मध्ये प्रायव्हसीमध्ये कॅमेऱ्याची परवानगी डेस्कटॉप ॲप्सना दिलीय का बघावं, विंडोज या यूएसबी काड्यांना कॅमेराच समजतं.

चाललं, पण पूर्वीसारखं दिसत नाही

ड्रायव्हर बदलल्यावर काळा रंग राखाडी दिसतो, सगळं धुरकट वाटतं, ही तक्रार खूप येते. टीव्हीच्या व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो, मॉनिटर मात्र ० ते २५५ मोजतो. मधे कोणीतरी ते ताणायचं असतं. नवीन ड्रायव्हर टाकला की तुमचं जुनं सेटिंग पुसलं जातं. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ॲडजस्ट व्हिडिओ कलर सेटिंग्ज, त्यात एनव्हिडिया सेटिंग्ज निवडून ॲडव्हान्स्डमध्ये डायनॅमिक रेंज फुल करा. उलट सावलीतलं सगळं काळंकुट्ट झालं तर दोन ठिकाणी ताणलं जातंय, एक ठिकाणचं काढा. विंडोजचं एचडीआर चालू असेल तर तेही बंद करून बघा.

हलत्या गोष्टींच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसत असतील तर डीइंटरलेसिंग. पालमध्ये सेकंदाला ५० अर्ध्या फ्रेम येतात आणि त्या जोडायचं काम ईव्हीआर लावल्यावर बऱ्याचदा ग्राफिक्स ड्रायव्हर करतो, म्हणून ड्रायव्हर बदलला की रेघा येऊ किंवा जाऊ शकतात. सॉफ्टवेअरमधलंच डीइंटरलेसिंग चालू करा, प्रश्न मिटतो.

लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतील, प्रोसेसरमधलं आणि वेगळं, तर विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये टीव्हीच्या सॉफ्टवेअरला आधी पॉवर सेव्हिंग, मग हाय परफॉर्मन्स लावून दोन्हीवर चालवून बघा. ड्रायव्हर अपडेट झाल्यावर खिडकी कुठल्या कार्डावर चालते तेच बदललेलं असू शकतं. तिथंच हार्डवेअर ॲक्सिलरेटेड जीपीयू शेड्युलिंग दिसलं तर तेही एकदा बंद करून बघा.

ऑल-इन-वंडरवाले

हे लोक अजून आहेत! एटीआयनं १९९६ मध्ये ट्यूनर आणि ग्राफिक्स एकाच कार्डावर आणलं, त्याचं हे नाव. यांना वरचं सगळं लागू आहेच, शिवाय यांच्यात डिस्प्ले ड्रायव्हर, कॅप्चरचा डब्ल्यूडीएम ड्रायव्हर आणि मल्टिमीडिया सेंटर हे एटीआयचं टीव्हीचं सॉफ्टवेअर हे तिन्ही एकमेकांना जुळणारे लागतात, एकच पुढे नेला की टीव्ही गेला. सगळं काढून आधी डिस्प्ले, मग डब्ल्यूडीएम, शेवटी मल्टिमीडिया सेंटर, प्रत्येकानंतर रीस्टार्ट. आणि एक्सपीवरच ठेवा, त्याला पुढच्या विंडोजवर न्यायच्या नादात माझा एक आख्खा रविवार गेलाय, शेवटी कार्ड काढून जुन्या मशीनमध्येच परत बसवलं.

आता यातलं काहीही करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. रेंडरर बदलला, बघितलं, नाही झालं तर परत होता तसा केला, मग पुढचं. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि टीव्ही चालला तर कशानं चालला ते कळत नाही, आणि पुढच्या अपडेटला परत पहिल्यापासून. इन्स्टॉलर पण डिस्कवर एका फोल्डरमध्ये ठेवा, कंपन्या जुने ड्रायव्हर साइटवरून कधी काढतील नेम नाही. माझ्या मशीनच्या कॅबिनेटच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवलेली आहे, पेनानं लिहिलेली, त्यावर एवढंच आहे: विंडोज ७ ६४ बिट, ग्राफिक्स ३४२.०१, रेंडरर व्हीएमआर ९, डीएक्सव्हीए बंद, पाल बी, इनपुट कंपोझिट. खाली लाल पेनानं, अपडेट बंद आहे, चालू करू नये.